न पाहता घेतलेली सायकल

रायपूरच्या गुढियारीत कांताबाई गजभियेला काही विकायचं म्हटलं की विकणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. हातगाडीवरची वांगी ती एकेक करून दाबून पाही, आणि एखाद्याला बारीक भोक दिसलं तर ते भाजीवाल्याच्या नाकासमोर धरून विचारी, "हे तुह्या घरी शिजवशीन काय?" पंडरीच्या बाजारात साडी घ्यायला गेली तर घडी मोडायला लावून पदरापासून निऱ्यांपर्यंत अख्खी साडी उजेडात धरी. दुकानदार कुरकुरला तर म्हणे, "भैया, दुकान में नहीं, घर जाके पहननी है." दूधवाला तिच्या दारात आला की मापटं जरा जास्तच भरायचा. नवरा गंगाधर रेल्वेत होता. तो गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर ती रेल्वेच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. तिथंही जन्मभर तेच. धुऊन आलेल्या चादरी झटकून पाहायच्या आणि डाग दिसला की धोब्याचा उद्धार करायचा. पुढं ती रिटायर झाली, पण तिच्या जिभेला कोणी रिटायर केलं नाही.

अशी ही बाई. आणि या बाईनं भिलाईच्या एका माणसाकडून एक सायकल न पाहता घेतली. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांना अजून हे खरं वाटत नाही. भाजीवाला तर चार माणसांना विचारून आला, की हीच का ती कांताबाई.

सायकल तिला स्वतःसाठी नको होती, रुचितासाठी हवी होती. रुचिता तिची एकुलती एक पोट्टी. बी.कॉम. होऊन बरीच वर्षं घरी बसली, परीक्षा देऊन देऊन थकली, आणि शेवटी नवा रायपूरच्या एका संस्थेच्या ऑफिसात एजन्सीमार्फत कंत्राटी नोकरीला लागली. कॉम्प्युटरवर बसायचं, आलेल्या अर्जांची नोंद करायची. पगार काही सांगण्यासारखा नव्हता. पण त्या घरात आजवर टेबल-खुर्चीवर बसून कोणी काम केलं नव्हतं. कांताबाईनं दवाखान्यात रोग्यांची भांडी उचलली होती, तिच्या आईनं गिट्टी फोडली होती. रुचिता गळ्यात ऑफिसचं कार्ड घालून निघाली की कांताबाई दारात उभी राहून ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत पाहत राही आणि शेजारीण दिसली की मुद्दाम तिच्याशी बोलायला लागे.

आता नवा रायपूरचं तुम्हाला काय सांगावं! रस्ते एवढे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि त्या रस्त्यांवर मोटारींशिवाय काही दिसत नाही. स्टेशनपासून निघालेली बस रुचिताला एका चौकात उतरवी. तिथून ऑफिस चांगलंच लांब. ऑटो मिळत नाही, सावली मिळत नाही. बस जरा मागंपुढं झाली की ही पळत सुटायची, ओढणी सावरत, आणि तरी ते अंगठ्याचं मशीन तिला उशीर झाल्याचंच सांगायचं. एक दिवस साहेबानं बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "बेटा, लाइन में और भी लडकियाँ खडी हैं. अब लेट हुई तो मैं एजन्सी को बोल दूँगा."

म्हणून सायकल. रुचितानं चौकातल्या गार्डशी बोलूनही ठेवलं होतं, संध्याकाळी सायकल त्याच्या केबिनीला बांधायची, सकाळी सोडवायची. कंत्राटी नोकरीच्या भरवशावर कोरी सायकल घ्यायला कांताबाईचं मन होईना. जुनी, पण चांगली पाहू असं ठरलं. पोट्टीचा पगार एजन्सीनं अडकवून ठेवलेला, त्यामुळं पैसा आईच्या पेन्शनीतूनच निघायचा होता, आणि ज्याचा पैसा त्याचा शब्द.

रुचिता फोनवर जुन्या सायकलींचे फोटो दाखवी आणि कांताबाई चष्मा नाकावर ओढून त्यातली एकेक बाद करी. "याची चेन गंजली आहे." "याचं तोंड पाह्य, चोरीची असन." मग एक फोटो आला. निळी सायकल, चकचकीत, पुढं टोपली, मागं कॅरियर. कांताबाईनं सायकल पाहिलीच नाही. ती पाहत होती सायकलीच्या मागची भिंत. भिंतीवर निळ्या झेंड्याचं एक टोक दिसत होतं. खाली नाव होतं, प्रशिक मेश्राम, भिलाई.

"लाव याले फोन," ती म्हणाली.

फोन लागला. पलीकडून आवाज आला, "जय भीम, मावशी. बोला नं. कुठून बोलून राहिल्या?"

बस. इथंच सगळं बिघडलं.

तिच्यावर हसण्याआधी जरा समजून घ्या. रायपुरात या बाईचा अख्खा दिवस हिंदीत जातो. बँकेत हिंदी, दवाखान्यात हिंदी, शेजारपाजारी छत्तीसगढी. पोटची पोर, तिच्याशी मराठीत बोललं तर तीही हिंदीत उत्तर देते. विहारात रविवारी चार म्हाताऱ्या भेटतात, तेवढीच काय ती मराठी. आणि इथं एक अनोळखी पोट्टा फोन उचलता उचलता "बोलून राहिल्या" म्हणाला. कांताबाईनं पदर सारखा केला आणि खाटेवर मांडी घालून बसली. त्याच्या आईचं माहेर भंडाऱ्याकडचं निघालं, हिचं तुमसरचं. कोणाच्या लग्नाला कोण कोण गेलं होतं, कोणाचा जावई स्टील प्लांटमध्ये आहे, सगळं झालं. सायकलीबद्दल तिनं एवढंच विचारलं, "चांगली आहे नं?"

"मावशी, माह्या बहिणीची आहे," प्रशिक म्हणाला. "शाळेत नेली तेवढीच. घरातच उभी राह्यली. तुमची पोट्टी मंजे माही बहीणच समजा."

रुचिता शेजारी बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मम्मी, भिलाई कितना दूर है? संडे को जाके देख लेते हैं."

"आपल्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या वस्तूले टोचून पाहू? लाज वाटत नाही का तुले?"

"तो वीडियो मँगवा लो."

"कायले पाह्यजे वीडियो? जय भीम म्हणला तो. आयकलं नाही काय तू?"

कांताबाईचा हा हिशेब जुना होता आणि पक्का होता. बाहेरच्याला तपासायचं. घरच्याला तपासायचं नाही, कारण घरच्याला तपासणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. विहारात कोणी वर्गणी मागितली तर तिनं कधी पावती मागितली नाही. लग्नात कोणी सोयरीक सांगितली तर फार खोलात शिरली नाही. भाजीवाल्यावर उधळायला जी संशयाची पोती तिच्याकडं होती, त्यातली एक मूठही तिनं प्रशिकसाठी काढली नाही. रुचितानं तोंड वाकडं करून पैसे पाठवले.

सायकल आली ती लोकेश साहूच्या छोट्या हत्तीतून, म्हणजे छोट्या टेम्पोतून, बारदान्यात गुंडाळलेली. लोकेश भिलाई-रायपूर पार्सल नेण्या-आणण्याचं काम करायचा. कांताबाईनं पाऱ्यात आधीच गाजावाजा केला होता, त्यामुळं दोरी सुटायच्या आधी ओट्यावर चार बायका येऊन बसल्या होत्या. बारदाना निघाला.

पुढचा चिमटा एका बाजूला असा वाकला होता की चाक ब्रेकला घासून उभं होतं. सीट तारेनं आवळलेली. टोपली नव्हती. एका पायडलच्या जागी नुसता दांडा. रंग निळाच होता, पण हाताला चिकटत होता.

कांताबाई लोकेशवर धावून गेली. दुसरा कोण होता समोर?

"माही चांगली सायकल वाकवली तुनं. वरून लोखंड टाकलं का?"

"दाई, मैंने कुछ नहीं किया," लोकेश म्हणाला. "जइसन दिस, वइसन लाए हंव." जशी दिली तशी आणली, एवढंच त्याचं म्हणणं.

"खोटं नको बोलू. आमच्या माणसानं चांगली देल्ली होती." आणि तिनं लगेच प्रशिकला फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा. प्रशिक म्हणाला, "अरे अरे. म्या तर सोता चढवून देल्ली, मावशी. या गाडीवाल्यायचं असंच असते, फेकतेत. त्याले सोडू नका."

मग काय, तिनं कशाला सोडलं असतं. हात घालून गाडीची चावीच काढून घेतली आणि कमरेला खोचली. भरपाई दिल्याशिवाय गाडी हलणार नाही म्हणाली. लोकेशच्या सात पिढ्यांचं तिनं तिथं जे काही केलं ते लिहिण्यासारखं नाही. चोर म्हणाली, दारुडा म्हणाली, तुमच्या लोकांची जातच अशी म्हणाली, आणि हे शेवटचं आपल्या तोंडून निघतंय याची तिला तेव्हा शुद्ध नव्हती. ओट्यावरच्या एकीनं मान खाली घातली.

लोकेशनं सगळं ऐकून घेतलं. मग तो सायकलीपाशी खाली बसला, खिशातून नाणं काढलं आणि फ्रेमचा मधला दांडा खरवडायला लागला. निळा रंग सालासारखा सुटला. खाली आणखी एक रंग निघाला, मळका लाल, आणि त्याच्याखाली वेल्डिंगचा जाड, ओबडधोबड टाका. दांडा कधीचा मोडला होता आणि कोणीतरी जोडून त्यावर रंग फासला होता.

"ये वेल्डिंग भी मैंने रस्ते में कर दी क्या?" लोकेशनं विचारलं.

रुचितानं फोनवरचा फोटो काढला आणि सायकलीशेजारी धरला. टोपलीची जागा वेगळी, हँडल वेगळं. ही ती सायकलच नव्हती. आईच्या हातातला फोन अजून चालूच होता. कांताबाई "हॅलो, हॅलो" करत राहिली. पलीकडं प्रशिकनं सगळं ऐकलं होतं, आणि फोन कट झाला.

तिनं लोकेशला चावी दिली. माफी मागितली नाही. "जा," एवढंच म्हणाली. लोकेश गेला, जाताना गल्लीत पचकन थुंकला.

त्यानंतर प्रशिकनं तिचा फोन उचलला नाही. मग तिच्या फोनवरून त्याचा फोटोही गायब झाला. रुचिता म्हणाली, ब्लॉक केलं. कांताबाईनं शेजारणींचे फोन मागून आणले. प्रत्येक वेळी पलीकडून तोच गोड आवाज येई, "जय भीम, बोला," आणि हिचा आवाज ऐकला की कट. तिला त्या फसवणुकीपेक्षा याचीच जास्त आग होई. तो प्रत्येक नव्या नंबराला जय भीम म्हणत होता. म्हणजे तो प्रत्येक नव्या नंबरावर कोणालातरी शोधत होता.

सायकल दुरुस्त होण्यासारखी नव्हती. नाक्यावरच्या मिस्त्रीनं हातात घेऊन सांगितलं, "बीच सडक में दो टुकडा हो जाएगी, फिर मुझे मत बोलना." रुचिता रोज पळतच राहिली. संध्याकाळी घरी येऊन ती पाय बादलीत घालून बसे.

"मम्मी, दूसरी ले लेते हैं," ती म्हणाली. "पैसे की बात बाद में देख लेंगे."

"आधी त्याच्या नरड्यातून काढीन, मंग दुसरी."

"मेरी नौकरी का सोच ना."

"तुह्याच नोकरीचं सोचून राहिली मी. हा सुटला तर उद्या दुसऱ्या पोट्टीले फसवीन."

रुचिता खरं तेच बोलत होती आणि कांताबाईला ते ऐकू येत नव्हतं. राग चढला की या बाईला राग सोडून काही दिसत नसे. सकाळी पोट्टी निघाली की ही फोन घेऊन बसे. भिलाईत कोणाची ओळख, मेश्राम कोणते, कोणत्या सेक्टरमध्ये राहतात. दारातून पोट्टी वळेपर्यंत पाहत उभं राहणं आता बंद झालं होतं.

माग लागला तो विहाराच्या ग्रुपवर. येत्या पौर्णिमेला, रविवारी सकाळी वंदनेचा कार्यक्रम होता, आणि निमंत्रणावर फोटो होता. पांढरा शर्ट, हात जोडलेले. खाली लिहिलं होतं: वंदना व मार्गदर्शन, आयुष्मान प्रशिक मेश्राम, भिलाई. रुचितानं फोन आईच्या पुढं धरला. कांताबाईनं तो फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, आणि उठून चप्पल घातली.

विहाराच्या समितीचे अध्यक्ष शालिग्राम रेल्वेत बाबू होते. आता रिटायर. बोलायला मऊ, आणि भांडण दिसलं की त्यावर चादर घालायची हौस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला.

"पोट्टा चांगला आहे, कांताबाई. आवाज चांगला आहे त्याचा. काहीतरी गैरसमज झाला असन."

"वेल्डिंगचा गैरसमज होते काय?"

"मी समजावतो त्याले. तुम्ही शांत राहा. घरातली गोष्ट आहे, घरातच राहू द्या. पोलिसात गेली तर बाहेरचे काय म्हणतीन? हे आपसातच एकमेकाले फसवतेत, असंच म्हणतीन नं?"

"फसवतेतच," कांताबाई म्हणाली. "मंग म्हणू द्या." चहा तिथंच राहिला.

तिनं लोकेशला फोन केला. सायकल विहारात न्यायची होती आणि तिच्या ओळखीचा गाडीवाला तो एकच होता. लोकेश म्हणाला, "भाडा पहले, दाई. और चाबी को हाथ नहीं लगाना." शुक्रवारी दिवसभर तिचं हेच चाललं होतं, वेळ ठरवणं, भाडं ठरवणं, फोनवर फोन. रुचिता त्या संध्याकाळी कधी आली, काय खाल्लं, तिनं पाहिलं नाही.

रविवारी सकाळी रुचिता उठली नाही. "तू जा, मम्मी. मेरा मन नहीं है."

"मन नाही मंजे? तुह्याच साठी चाललं हे सगळं. ऊठ."

ती उठली. पांढरा ड्रेस घातला. टेम्पोत कांताबाई पुढं लोकेशच्या बाजूला बसली आणि रुचिता मागं सायकलीजवळ. रस्ताभर कांताबाईनं मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

विहारात सतरंज्या भरल्या होत्या. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्त्या, अगरबत्त्या, फुलं. माइकपाशी प्रशिक बसला होता, पांढऱ्या कपड्यात, फोटोपेक्षा तरुण. शालिग्राम त्याच्या हातात मानधनाचं पाकीट देत होते. तेवढ्यात दारातून चाक घासत असल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. चपला बाहेर काढून कांताबाई सायकल ढकलत आत आली होती. बायकांनी पाय आखडले. तिनं सायकल ओढत नेऊन प्रशिकच्या समोर उभी केली. स्टँड नव्हता, म्हणून हातानं धरून उभी राहिली.

प्रशिकनं तिला पाहिलेलं नव्हतं, पण सायकल ओळखली. "मावशी," तो म्हणाला, "वंदनेनंतर बोलू आपण."

"वंदनेत चौथं शील येते. खोटं न बोलायचं. त्याच्या पह्यलेच बोलू."

शालिग्राम मध्ये आले. "कांताबाई, हे ठिकाण नाही."

"मंग कोणतं ठिकाण आहे? हा फोन उचलत नाही, तुम्ही चहा पाजता."

प्रशिकनं गळा साफ केला. सगळ्यांकडं पाहत, समजुतीच्या आवाजात तो म्हणाला, "फोटो चुकून दुसऱ्या सायकलीचा लागला होता."

"आणि बहीण? थेही चुकून लागली काय?"

मागं कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. कांताबाईनं रंग सुटलेला दांडा सगळ्यांना दिसेल असा वळवला. एक म्हातारा पुढं सरकून वाकून पाहून गेला. प्रशिकचा चेहरा आता बदलला. समजूत गेली आणि त्याच्या आतला बाजारातला माणूस वर आला.

"मावशी, खरं सांगू? या सायकलीले तीन-चार हिंदीवाले येऊन गेले. वाकून वाकून पाह्यलं, नाही घेतली, चालले गेले. तुम्ही पाह्यलं नाही, इचारलं नाही. म्या काय जबरदस्ती केली?"

हे खरं होतं. तिनं हँडल घट्ट धरलं. ज्या बाईला भाजीवाल्यासमोर कधी शब्द कमी पडला नाही, ती तिथं दीडशे माणसांपुढं गप्प उभी राहिली, आणि तिला मनातून स्वतःचीच चीड आली.

मग ती बोलली, आणि या खेपेला आवाज चढवून नाही.

"नाही केली जबरदस्ती. तू जय भीम म्हणला आणि म्या डोये झाकून घेतले. तुले मालूम होतं म्या झाकीन. म्हणूनच म्हणला तू."

शालिग्राम खाली पाहत होते. शेवटी तेच म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज तेवढा मऊ नव्हता, "प्रशिक, बाईचे पैसे देऊन टाक."

"संध्याकाळी पाठवतो फोनवर."

"नगद," कांताबाई म्हणाली. "इथंच."

प्रशिकनं खिसा रिकामा केला. त्यात पुरेसं नव्हतं. मग त्यानं हातातलं मानधनाचं पाकीट फाडलं, त्यातल्या नोटा वर ठेवल्या आणि सगळं तिच्यापुढं केलं. तिनं मोजलं नाही. वळून रुचिताच्या हातात कोंबलं.

"घे. उद्याच नवी घे. कोरी, दुकानातून. आता पाहू तुह्या साहेबाले."

शालिग्रामांनी सुटकेचा श्वास सोडला. "चला, मिटलं. बसा सगळे. सुरू करा." दोन पोरांनी सायकल उचलून भिंतीला टेकवली. कांताबाई पहिल्याच सतरंजीवर, प्रशिकच्या अगदी समोर बसली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं. मागची बाई कानाशी म्हणाली, "चांगलं केलं, कांताबाई." तिनं मान हलवली.

वंदना सुरू झाली. प्रशिकचा आवाज खरंच चांगला होता. त्रिशरण झालं, पहिलं शील झालं. तो म्हणे, मागून सगळे म्हणत. दुसरं शील आलं, न दिलेली वस्तू न घेण्याचं. तेही तो न अडखळता म्हणाला.

रुचिता म्हणत नव्हती. हातात नोटा तशाच धरून बसली होती.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "मैं सायकल का क्या करूँगी?"

"ऑफिसात जाशीन. अजून काय करशीन?"

"शुक्रवार को साहब ने मना कर दिया. कल से दूसरी लडकी आएगी."

कांताबाईनं तिच्याकडं पाहिलं. मागून तिसरं शील म्हणायला सुरुवात झाली होती.

"मले सांगितलं काहून नाही?"

"कब बताती? घर आई तब तू टेम्पोवाले से बात कर रही थी. फिर तू बोली, बाद में." रुचिताचा आवाज सपाट होता, रडून झाल्यानंतरचा. "कल भी तू भिलाई फोन लगा रही थी."

शुक्रवारची संध्याकाळ कांताबाईला आठवेना. पोट्टी दारातून आत आलेली आठवेना, बादली भरलेली आठवेना. लोकेशशी भाड्यावरून घातलेली घासाघीस मात्र शब्द न् शब्द आठवत होती.

तिसरं शील संपलं. क्षणभर शांतता झाली, आणि त्या शांततेत कांताबाई उठली. रुचिताच्या हातातून तिनं नोटा हिसकल्या आणि प्रशिकच्या पुढं, मेणबत्त्यांच्या कडेला, फेकल्या.

"हे घे तुहे पैसे," ती म्हणाली. "माह्या पोट्टीची नोकरी दे."

तिचा आवाज फुटला होता. शालिग्राम अर्धे उठले आणि तसेच राहिले. प्रशिकनं विखुरलेल्या नोटांकडं पाहिलं, मग समोर बसलेल्या लोकांकडं पाहिलं. लोक त्याच्याकडंच पाहत होते, त्यानं काय करावं याची वाट पाहत. त्यानं हात पुन्हा जोडले, डोळे मिटले आणि चौथं शील म्हणायला सुरुवात केली. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. त्याच्यामागं आधी चार-दोन आवाज निघाले, मग आणखी, मग सगळा विहार म्हणायला लागला.

कांताबाई उभीच होती. या वंदनेत ती लहानपणापासून बसत आली होती आणि आज तिचं तोंड उघडत नव्हतं. रुचिता गुडघ्यांवर पुढं सरकली. तिनं प्रशिकच्या पायाशी पडलेल्या नोटा उचलल्या, एकही न सोडता, पर्समध्ये घातल्या आणि चेन लावली. मग आईच्या कोपराला धरून ती म्हणाली, "चल."

पाचवं शील चालू होतं. दोघी सतरंज्यांच्या कडेकडेनं बाहेर आल्या, तेव्हा बायकांनी पाय आखडून त्यांना वाट दिली, पण त्यांच्याबरोबर उठून कोणी आलं नाही.